पाळणा केव्हा बांधावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकबंधूंनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



व्यासपीठावर उभे राहून आपणांस चार गोष्टी सांगाव्यात इतकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून अडतीस वर्षे मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविले. आजचा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्यावर आला, आणि तो कसा आला हे प्रथम सांगणे माझे कर्तव्य आहे.

गेल्या वर्षी कऱ्हाडला आपल्या मंडळाचा वधूवर मेळावा भरला होता. मुलामुलींनी एकेक करून पुढे यावे, नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा सांगाव्यात आणि खाली बसावे, असा नेहमीचा क्रम चालला होता. तेवढ्यात एक मुलगी ध्वनिक्षेपकापाशी आली आणि म्हणाली, "मुलाचा पगार किती, घर स्वतःचं का, हे सगळे विचारतात. पण मूल कधी होऊ द्यायचं, आणि ते आपल्याला केव्हा परवडेल, हे लग्नाआधी विचारलं तर चालतं का?" सभागृहात हशा पिकला. पुढच्या रांगेतील आम्ही वडीलधारी मंडळीही हसलो. मुलगी लाजून जागेवर जाऊन बसली, आणि पुढचे नाव पुकारले गेले.

त्या रात्री घरी परतताना गाडीत मला ते हसणे सारखे आठवत राहिले. ज्या प्रश्नाने माझ्या घरात एकदा घात केला होता, त्याच प्रश्नाला मी हसलो होतो. ही गोष्ट मी अध्यक्षमहाशयांना बोलून दाखविली. ते म्हणाले, "मग मास्तर, पुढच्या संमेलनात तुम्हीच उत्तर द्या." म्हणून मी आज उभा आहे.

आमच्या आईवडिलांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. लग्न झाले की वर्षाच्या आत पाळणा हलावयाचा, आणि नाही हलला तर देवऋषी, अंगारे, नवस यांची रांग लागावयाची. आलेले मूल आपल्या कपाळीचे दाणे घेऊन येते, असे म्हणत. काही मुले दाणे घेऊन येत, काही मुले आलेल्या वाटेने परत जात. किती आली आणि किती गेली याचा हिशेब बायका मनात ठेवीत, आणि पुरुष तो विसरून जात.

हा हिशेब मोठ्याने मांडणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातच निपजला. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या कार्यापायी १९२५ साली कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरचे पैसे घालून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे श्री. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. सरकारला ही गोष्ट पटावयास १९५२ साल उजाडावे लागले. मला याचे आश्चर्य वाटत नाही. आमच्या आईला पटावयास त्यानंतर आणखी तीस वर्षे लागली, आणि ती काही अडाणी बाई नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. पुष्कळांना ती आठवत असेल, कारण तिच्यावर पारावर आणि एस.टी.त बरेच विनोद झाले. २००७ साली सातारा जिल्हा परिषदेने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली नवविवाहितांसाठी एक योजना काढली. लग्नानंतर दोन वर्षे पहिले मूल लांबविणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये, आणि तीन वर्षे लांबविल्यास ७,५०० रुपये मिळावयाचे. लोकांनी तिला 'हनिमून पॅकेज' हे नाव दिले आणि हसण्यावारी नेले. दूर अमेरिकेतील वृत्तपत्राने मात्र २०१० साली तिची दखल घेऊन लांबलचक वृत्तांत छापला.

मी त्या वेळी शिक्षक होतो. शाळेशेजारी आरोग्य उपकेंद्र, त्यामुळे तेथील नर्सबाई मधल्या सुट्टीत शाळेत येऊन बसत. मी त्यांना विचारले, "बाई, पाच हजारांसाठी कोणी मूल लांबवील का?" त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, पैशासाठी कोणी थांबत नाही. पण सुनेला सासूपुढं सांगायला कारण मिळतं. 'आत्ता थांबलो नाही तर सरकारचे पैसे बुडतील,' असं म्हटलं की सासू गप बसते." हे वाक्य ऐकल्यापासून त्या योजनेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. थांबावेसे वाटणाऱ्या जोडप्यांना पैशाची वाण नव्हती, तोंड उघडण्याची सोय नव्हती. सरकारने त्यांच्या हाती पाच हजारांची ढाल दिली. २०१७ पासून केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाच्या आईला ५,००० रुपये मिळू लागले. थांबल्याचेही पाच हजार आणि पाळणा हलल्याचेही पाच हजार, असा हा योग आहे. ज्याला विनोद करावयाचा त्याने करावा. परंतु दोन्ही वेळा ते पैसे बाईच्या प्रकृतीसाठी होते, हे ध्यानात ठेवावे.

आता मी माझ्या घरात शिरतो. आपण सर्व घरचीच माणसे आहात, म्हणून संकोच बाजूस ठेवितो.

माझे वडील खटाव तालुक्यातील एका बाजारगावी शिवणकाम करीत. पायांचे एक यंत्र, एक कात्री, आणि गुरुवारच्या बाजाराला मिळणारी चार गिऱ्हाइके एवढाच संसार. थोरले बंधू परळच्या गिरणीत लागले होते आणि त्यांची मनीऑर्डर महिन्याच्या दहा तारखेस न चुकता येई. मी १९७७ साली नोकरीस लागलो, १९८० च्या मे महिन्यात माझे लग्न झाले. मंडळीचे वय त्या वेळी अठरा पूर्ण. १९७८ च्या कायद्याने मुलीचे वय अठरा केले होते, ते आम्ही पाळले आणि त्याचा मला अभिमानही होता. १९८१ च्या जुलैत मुलगी झाली. आईचा चेहरा पडला. मुलगी चार महिन्यांची होते न होते तोच तिने सुरू केले, "आता पुढच्या साली नातू दिसू दे की रं. मी काय शंभर वर्सं जगणार हाय व्हय?"

मी हिशेब केला नाही असे नाही. मी गणित शिकविणारा माणूस. माझा पगार, वडिलांची शिलाई, बंधूंची मनीऑर्डर अशी बेरीज मांडली आणि 'परवडते' असे स्वतःशी ठरविले. त्या बेरजेत मंडळींची प्रकृती हा रकाना नव्हता. तो रकाना असतो, हेच मला ठाऊक नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे बंधू. पंधरवड्यात संप मिटेल असे सारे म्हणत होते. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. मार्चमध्ये बंधू, वहिनी आणि त्यांची दोन मुले ट्रंका घेऊन गावी उतरली. आणि त्याच सुमारास मंडळींना पुन्हा दिवस गेल्याचे कळले. नऊ तोंडे, आणि पगार एक. ज्या कुटुंबांतील माणूस गिरणीत होता त्यांना मी अधिक सांगण्याची गरज नाही. सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर त्या वर्षी हेच घडत होते.

त्या उन्हाळ्यात वर्गात मी चौथीच्या मुलांना समतोल आहाराचा तक्ता शिकवीत होतो. दूध, डाळ, पालेभाजी, गूळ. घरी मात्र सर्वांची पाने उठल्यावर मंडळी जेवावयास बसत आणि टोपलीत उरेल ते खात. रात्री वडिलांना हातभार म्हणून कंदिलापाशी काजे करीत, बटणे लावीत. अंगावर मुलगी पीत होती, पोटात दुसरे वाढत होते. सातव्या महिन्यात तपासणीला नेले तेव्हा रक्त सात भरले. गरोदर बाईचे ते अकराच्या खाली असू नये, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. तो दीड किलोचाही नव्हता. नवव्या दिवशी गेला.

दोष कोणाचा, असे त्या वेळी कोणी विचारले नाही. आई म्हणाली, "दिल्या देवानं न्हेलं." मंडळी काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्यापाशी एकच वाक्य उच्चारले : "मला एवढ्यात नको होतं, पण विचारलं कुणी?" बंधुभगिनींनो, त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारावयाचे ते मीच होतो.

दोन बाळंतपणांमध्ये पुरेसे अंतर हवे, एक मूल जन्मल्यावर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी दोन मुलांच्या जन्मांतच पंधरा महिन्यांचे अंतर होते. यानंतर मी तालुक्याच्या गावी मंडळींना नेऊन तांबी बसवून आणली. आई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिसरे मूल, म्हणजे आजचे आमचे चिरंजीव, १९८७ साली झाले. त्या वेळी मंडळींचे रक्त साडेअकरा होते. तो आकडा मला माझ्या परीक्षेच्या गुणांपेक्षा अधिक चांगला आठवतो.

असो. ही झाली न विचारण्याची कथा. आता अति विचारण्याची ऐका.

चिरंजीव शिकून पुण्यास एका कारखान्यात लागले. २०१५ साली त्यांचे लग्न झाले. सूनबाई कमावत्या. एक वर्ष गेले, दोन गेली, चार गेली. इतिहास विसरणे किती सोपे आहे पाहा, दर दिवाळीस मी माझ्या आईचेच वाक्य थोड्या शुद्ध मराठीत बोलू लागलो. २०१९ च्या पाडव्यास मी पुन्हा विषय काढला. चिरंजीव गप्प. सूनबाई उठून आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "मामा, ही वही तपासा. मुलांची गणितं तपासत होता तशीच तपासा. चुकलं असेल तर लाल शाईनं दाखवा."

वहीत बाळंतपणाचा खर्च होता. बालवर्गापासून बारावीपर्यंतची फी होती. अभियांत्रिकी होते. एका खोलीऐवजी दोन खोल्यांचे घर होते, मोटार होती, शिकवण्या होत्या, परदेशचे शिक्षणही होते. बेरीज एक कोटीच्या वर गेली होती. शेवटी पेन्सिलीने लिहिले होते : 'अजून सहा वर्षे?' सूनबाईंचे वय तेव्हा एकतीस होते.

मी रात्रभर ती वही घेऊन बसलो. बेरजेत चूक नव्हती. पण आपले वडील यंत्रावर बसून काय सांगत, ते मला आठवले. आपण शिवणारी माणसे आहोत, आपणांस ते लगेच उमजेल. लहान मुलाचा सदरा कसा बेततात? तो अठरा वर्षांचा झाल्यावर केवढा होईल याचे माप घेऊन कोणी बेतीत नाही, आणि आजच्या अंगालगत घट्टही बेतीत नाहीत. वाढत्या अंगाचा बेततात आणि शिवणीत माया ठेवतात. उसवली की वर्षभर आणखी चालते. या वहीत बावीस वर्षांचे कापड पहिल्याच दिवशी मागितले होते. ते कोणापाशी असते? आणि मी १९८२ साली बेतले ते अंगालगत, शिवणीत तसूभरही माया न ठेवता. एक मनीऑर्डर चुकली आणि सगळे टराटर उसवले.

सकाळी मी लाल शाईने बहुतेक पाने खोडली. बालवर्गाच्या फीवर मोठी फुली मारली. अडतीस वर्षे सरकारी शाळेत शिकविलेल्या माणसाने ती मारली नाही तर कोणी मारावी? सूनबाईंना ती सर्वस्वी मान्य झाली नाही, हेही सांगतो. मोटार खोडली. मात्र तीन रकाने नव्याने लिहिले. मूल झाल्यावर सूनबाईंची रजा किती, आणि रजा संपल्यावर मूल कोणाच्या हाती? हातात असे किती पैसे आहेत, की एक पगार बंद पडला तरी सहा महिने चूल पेटेल? आणि देणे किती?

तिसऱ्या रकान्यापाशी चिरंजीव अडखळले. म्हणाले, "अण्णा, घराच्या हप्त्याचं चालतं. पण लग्नाचं कर्ज अजून दीड वर्ष आहे."

लग्नाचे कर्ज! ते मी काढले होते. पतसंस्थेतून, माझ्या सहीने. मोठे कार्यालय, सातशे पाने, मिरवणुकीचा बँड, कारण ज्ञातीत नाव राहावे. मुलगा निमूटपणे हप्ते फेडीत होता आणि मी दर दिवाळीस नातवंड मागत होतो. नातवंडाला दारात अडवून धरणारा मीच निघालो.

माझ्या निवृत्तीच्या रकमेतून ते कर्ज मी त्याच महिन्यात फेडले. ते फिटल्यावर त्या दोघांनी सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्यास प्रारंभ केला. सूनबाईंनी रक्त तपासून घेतले, वैद्यकीय सल्ल्याने फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांच्या कंपनीत २०१७ च्या सुधारित कायद्याप्रमाणे सव्वीस आठवड्यांची पगारी रजा होती. त्यापूर्वी ती बारा आठवडेच असे. रजेनंतर आम्ही दोघांनी आळीपाळीने पुण्यास राहावे असे ठरले. सारी बेगमी झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. चिरंजीवांचा पगार काही महिने निम्म्यावर आला. मला १९८२ डोळ्यांपुढे दिसू लागले. मी दूरध्वनीवर म्हटले, "थांबा आणखी वर्षभर." पलीकडून चिरंजीव म्हणाले, "अण्णा, शिवणीत माया ठेवली आहे ना? मग ती याच वेळेसाठी."

२०२१ साली आम्हांस नात झाली. तीन किलोला थोडी कमी.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ही नोकरदारांची गोष्ट झाली. विट्याला, वडूजला, तासगावला जो अजून यंत्रावर बसतो त्याचे काय? खरे आहे. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपला धंदा बसविला. वर्षाची कमाई दिवाळीत आणि लग्नसराईत, पावसाळ्यात यंत्र धूळ खाते. अशा घराने सहा महिन्यांची शिल्लक कोठून आणावी? त्या घरासाठी माझे मत वेगळे आहे, आणि ते मी जरा जोर देऊन सांगतो.

त्या घरात पैसा हा मुख्य रकाना नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, शस्त्रक्रिया करावी लागली तरी. अंगणवाडी आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे. खर्च पडतो तो बाईच्या अंगावर. यंत्रावर बसणाऱ्या बाईला सव्वीस आठवडे कोणता कायदा देणार? ती स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. दिवाळीच्या गर्दीत आठव्या महिन्याची बाई रात्री दोनपर्यंत यंत्र चालविते, हे मी आपल्या ज्ञातीत आजही पाहतो. म्हणून अशा घराने दोन गोष्टी पाहाव्यात. यंत्राचे कर्ज असेल तर असो, ते पोट भरते. परंतु सावकारी व्याजाचे आणि लग्नकार्याचे देणे डोक्यावर असता पाळणा बांधू नये. आणि बाईचे रक्त अकरा भरल्याखेरीज तर मुळीच नाही. जमल्यास एका दिवाळीच्या कमाईतला काही वाटा बाजूस टाकावा, तो बाईच्या विश्रांतीचा म्हणून. मुलाच्या बारशाचा म्हणून नव्हे. बारसे घुगऱ्यांवर होते.

लवकरच्या लग्नांविषयी मी फार बोलत नाही, कारण कायदा स्पष्ट आहे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते असे आढळले. शंभरांत बावीस. आपल्या ज्ञातीत नसेल असे म्हणून आपण मान हलवाल. आपापल्या गावच्या लग्नपत्रिका आठवून पाहाव्यात.

उलट फार थांबण्याचेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी नर्सबाईंचा तेवढा आणि डॉक्टरांचा नव्हे असे होईल. पैसा साठतो, वय साठत नाही. पस्तिशीनंतर दिवस राहणे अवघड होत जाते आणि जोखीमही वाढते. त्यानंतर जो खर्च उपचारांवर होतो तो वहीतील कोणत्याच पानावर नसतो. हे सांगताना सुनेकडेच बोट दाखविण्याची चाल आहे, ती सोडावी. दोष निम्म्या वेळा पुरुषाकडेही असतो, आणि तपासणी पुरुषाची अधिक सोपी असते.

आणखी एक. ज्यांना मूल होत नाही, किंवा ज्यांनी ते नको असे दोघांनी मिळून ठरविले आहे, त्यांना हळदीकुंकवात आणि बारशात टोचून बोलू नये. कर्वे दांपत्याने स्वतः मूल होऊ दिले नव्हते. महाराष्ट्राचे त्यात काही अडले नाही.

आता मंडळासाठी दोन सूचना. आपल्या वधूवर सूचीत उंची, वर्ण, नक्षत्र, पगार असे बारा रकाने आहेत. तेराव्याची मी मागणी करीत नाही, तो छापावयाचा विषय नव्हे. परंतु मेळाव्याच्या दिवशी दुपारी एक तास आपल्याच ज्ञातीतील डॉक्टर भगिनींनी ठरलेल्या जोडप्यांशी बोलावे, आणि त्या वेळी आईबापांनी खोलीबाहेर चहा प्यावा. दुसरी सूचना अशी की, यंत्रावर पोट असलेल्या सभासद भगिनींस बाळंतपणाच्या वेळी तीन महिने काम बंद ठेवता यावे म्हणून मंडळाने एक छोटा निधी उभारावा. परतफेड नाही, अर्जात जात-पोटजात नाही, नावाची पाटी नाही. मंडळींच्या इच्छेप्रमाणे आमच्याकडून पहिले अकरा हजार रुपये आज चिटणीसांकडे दिले आहेत. नवव्या दिवशी गेलेल्या मुलाचे नाव ठेवावयाचे राहून गेले होते, म्हणून देणगीच्या पावतीवर नाव घालण्याचा प्रश्न आला नाही.

ती मुलगी आज सभागृहात आहे किंवा नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तिला सांगतो, बाळ, चालते. लग्नाआधी विचारलेले चालते. प्रथम हे विचार की या लग्नाला कर्ज किती काढणार, आणि ते फेडणार कोण. मग मुलाचे विचार. उत्तर देताना मुलगा आईकडे पाहू लागला तर प्रश्न पुन्हा एकदा विचार. आणि पुढच्या रांगेतून कोणी हसले, तर मी त्या रांगेत यंदाही बसणार आहे. हसणाऱ्याला मी गप्प करीन.

निधीच्या नियमांचा मसुदा मी लिहून चिटणीसांकडे दिला आहे. ज्यांना काही सुचवावयाचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वी कळवावे. पाने मांडून झाल्याची खूण मघाशीच झाली, तेव्हा आपणांस अधिक ताटकळत ठेवीत नाही.